चुन्याचं एकविसावं बोट

परंदवडीच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा गावाने माझी सोय अंबाजीच्या पडवीत लावून दिली. मी मासे खात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अंबाजीने काळजीने विचारलं, "ल्हानपनापास्नंच असं हाय का?"

अंबाजी चांगला शेतकरी होता असं त्याचा सख्खा भाऊसुद्धा म्हणाला नसता. त्याची भातखाचरं नदीच्या वाटेवर होती, म्हणून ती त्याच्या नजरेस तरी पडत. गळ, काठी आणि गांडुळांचं डबडं घेऊन तो पवनेच्या डोहावर बसला की जेवायची शुद्ध राहत नसे. माणूस गोड, पण कामाला बोलवा आणि डोहावर शोधा असा प्रकार.

साल चौतीस असावं. चैत्रात त्याच्या बायकोने, धोंडाबाईने, त्याला राब भाजायला धाडलं. भाताची रोपं करायच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा आणि जाळ विझेपर्यंत राखण करायची, एवढंच काम. अंबाजीने काडी लावली आणि तेवढ्यात एक फेरी मारून येऊ म्हणून डोहावर गेला. वारा सुटला आणि गवताची गंजी पेटली. गंजी स्वतःचीच होती, म्हणून गावाशी भांडण टळलं.

घरचं मात्र टळलं नाही. तो बिचारा खाली मान घालून सगळं ऐकत होता. पण त्या नदीत आहे काय, चार मासे आणि चिखल, असं ती म्हणाली आणि त्याची मान वर आली. एकवीस जातीचे मासे आहेत, तो म्हणाला. मग धरून दाखवा, धोंडाबाई म्हणाली. या आखितीपासून पुढच्या आखितीपर्यंत. एक जरी कमी पडला तरी गळ्यात तुळशीची माळ घालायची. माळ घातली की मासे सुटले, खायचेही आणि धरायचेही. तिने भावाकडून देहूची माळ मागवली आणि देवळीशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवली. रोज जेवताना अंबाजीच्या डोळ्यांसमोर ती लोंबत असे. साक्षीला मी. मासे न खाणाऱ्याला फितवता येत नाही, असं दोघांचंही मत पडलं.

आता जात कोणती आणि कोणती नाही, हे कोण ठरवणार? अंबाजीला वाटलं, तोच. धोंडाबाई म्हणाली, "ज्याचं कालवन येगळं, त्याची जात येगळी. चुलीम्होरं मी बसते." मान्य झालेल्या जातीचं एक चुन्याचं बोट ती चुलीमागच्या भिंतीवर ओढणार होती. अंबाजीने उत्साहात मान हलवली आणि तिथेच फसला.

दसऱ्यापर्यंत त्याने सोळा जाती मोजल्या. भिंतीवर बोटं अकरा. कारण अळकूट, मुरी असले पाच बोटभर मासे तिने एकाच मडक्यात शिजवले आणि "बारकी मासळी" म्हणून सगळ्यांना मिळून एक बोट दिलं. राहता राहिला डोकरा. हा दिसतो मरळीसारखा, पण वीतभरच वाढतो. अंबाजीने नदीची शपथ घेऊन सांगितलं की हा निराळा. धोंडाबाईने कालवण चाखलं, जरा थांबली, पुन्हा चाखलं आणि मरळीचं पोर म्हणून निकाल दिला. त्या निकालावर तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी वाम सापडली म्हणून जेवला.

मग मी एक चूक केली. त्याला सुचवलं की बारके मासे एकत्र आणूच नकोस, एकाच जातीचे मडकंभर आण, म्हणजे कालवण वेगळं होणारच. त्याने ते मनावर घेतलं. सबंध हिवाळा घरात वासाने बसवेना. एका आठवड्यात तर सलग चार दिवस मुऱ्याच. मी नाकाला उपरणं लावून पिठलं खाल्लं. धोंडाबाई कुरकुर करी, पण तिच्या ताटाच्या कडेला काट्यांची रास लागे आणि प्रत्येक काटा धुतल्यासारखा स्वच्छ असे. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शिमग्याला बोटं वीस झाली. एकविसावा काही गावेना. डोह आटत चालले, तसा अंबाजीही आटत चालला. शेवटी त्याने नको ते केलं. लोणावळ्याला रेल्वेत खलाशी असलेल्या महिपतीकडून त्याने मुंबईहून आलेलं एक पापलेट मिळवलं, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि डोहात लागलं म्हणून बायकोपुढे ठेवलं. धोंडाबाईने जन्मात पापलेट पाहिलं नव्हतं. तिने कल्ला उचलला. आतून बर्फाचा खडा निघाला आणि चुलीच्या राखेत पडला.

"चैताचा गारठा लय दिसतोय नदीला," ती म्हणाली.

मासा शिजला, दोघांनी मिटक्या मारत खाल्ला. बोट काही मिळालं नाही.

आखितीला दिवेलागणीच्या वेळी तो हात हलवत परत आला. आंघोळ केली, गळ काठीवरून सोडवून कोनाड्यात ठेवला आणि खुंटीसमोर बसला. मला फार वाईट वाटलं. वर्षभर त्या वासाला शिव्या घातल्या होत्या, पण त्या क्षणी मी स्वतः डोहात उडी मारली असती.

"घाल माळ," तो म्हणाला. "आन् ते माशाचं मडकं सरूबाईला दिऊन टाक. माळकऱ्याच्या घरात नगं."

हे धोंडाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. माळ त्याच्या गळ्यात पडली तरी मडकं तिच्या चुलीवरून उतरणार होतं. तिने मडकं उचललं. आतून बाहेरून काळंभोर, बारा वर्षांच्या कालवणांनी मुरलेलं. शेजारी सरूबाईकडे द्यायला ती उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि परत फिरली. मडकं चुलीवर ठेवून तिने चुन्याच्या डबीत बोट बुडवलं.

"डोकरा येगळा हाय," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली. "चव घेतली तवाच कळलं व्हतं."

अंबाजीने भिंतीवरच्या त्या ओल्या बोटाकडे पाहिलं. वर्षभर खोटं बोललीस, एवढंच त्याने विचारलं. ती व्हय म्हणाली. यावर तो रागावेल असं मला वाटलं, पण तो हसायला लागला आणि हसता हसता म्हणाला की मग ते पापलेटही धर, बावीस होतील.

"ते नदीचं न्हाई, ते न्हाई धरायची," ती म्हणाली. माळ काढून तिने फडक्यात गुंडाळली, भावाला परत द्यायला. मग चुलीत फुंकर घालता घालता तिने विचारलं, "नदीला परत गारठा कवा पडायचाय?"