खोटंखोटं रडणाऱ्या मावशी

मावशी रिकाम्या कपातला चहासुद्धा फुंकून प्यायच्या. माझी अडीच वर्षांची चिनू कप पुढे करायची आणि जीभ पोळल्यासारखं तोंड करून मावशी म्हणायच्या, "बाप्पा! कितीक गरम केलीस व चाय!"

मी साताऱ्याकडची, विदर्भात तिरोड्याला शाळेत शिकवते. नवरा परगावी. चिनूला सांभाळायला मावशी जवळच्या खेड्यातून यायच्या. साठीच्या, गुडघे दुखरे. तरी चिनू म्हणेल ते व्हायच्या. कधी बकरी, कधी पेशंट. "आपन मोठे झालो का लेकराचा खेळ मोडते," म्हणायच्या.

एकदा शाळा लवकर सुटली. दारातून पाहिलं, तर मावशी जमिनीवर बसून खोटंखोटं रडत होत्या आणि चिनू आई झाली होती. कानाला ठोकळा मोबाइलसारखा धरून तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "गप बस! जीव खाल्लाय नुसता माझा!"

मी मावशींवरच उखडले. "हे शिकवता तुम्ही पोरीला?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग म्हणाल्या, "खेळून रायली ना बाई, खेळू द्या."

उद्यापासून येऊ नका, मी सांगितलं. पदराने चिनूचं नाक पुसून त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन चालू होता आणि चिनू पायाशी रडत होती. फोनवर हात ठेवून मी तिला धपाटा घातला, ओरडले, "गप बस! जीव खाल्लाय नुसता माझा!"

माझंच वाक्य. अक्षर न् अक्षर.

चिनू कोपऱ्यात गेली, बाहुलीला थोपटत म्हणाली, "उगी, उगी. आई थकून रायली." घरात असं बोलणाऱ्या एकट्या मावशीच होत्या. मी रागावून गेल्यावर त्या पोरीला माझ्याबद्दल काय सांगत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

रविवारी चिनूला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या धान पाखडत होत्या. "ती माझी नक्कल करत होती. तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमाले तोंड लपवाले जागा नसती रायली, बाई."

परत यायला मात्र त्या नाही म्हणाल्या. दुसरीकडे त्यांना काम मिळत नव्हतं, कारण मावशी लेकरांना वाईट बोलायला शिकवतात, असं मी आमच्या गल्लीत पाच घरी सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी पाचही दारं वाजवली. चार घरी खरं सांगितलं. पाचवं घर मुख्याध्यापकांचं. त्यांच्या पत्नीने दार उघडून हसत "या ना" म्हटलं, आणि मी वाटीभर विरजण मागून परत आले.