मोठे टायर आणि कंपनीचा ॲक्सल

"मॅडम, टायर मोठे बसवाचे आहेत. कंपनीचा ॲक्सल झेपवते का नाही, एवढंच सांगा."

बंडूभाऊ पिकअपच्या मागच्या चाकाला चपलेनं ठोकत विचारत होते. भंडाऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस मॅनेजर आहे. हा प्रश्न मला बहुधा हौशी मुलं विचारतात. बंडूभाऊंचं तसं नव्हतं. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ मंगेश गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं, पण गावाचा रस्ता अजून कामाला येतो. पाणी मागे सरलं की तो डांबरी तुकडा उघडा पडतो, त्याच्यापुढे चिखल, आणि चिखलाच्या टोकाला डोंगे, म्हणजे मासेमारीच्या लहान होड्या. पिकअप तिथपर्यंत न्यायची, मासळी बर्फात भरायची, बाजार गाठायचा. गाडी फसली की बर्फ वितळतो. मासळी नरम पडली की व्यापारी तिच्याकडे बघतही नाही.

"आधी जागा बघते," मी म्हणाले.

आमचे शेठ काउंटरवरून ओरडले, "जागा काय पाहता? टायर पाहा. आपण दुकान चालवतो, कॉलेज नाही."

तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. माझी पद्धत ठरलेली आहे: गाडीवर वजन किती, रस्ता कसा, फसल्यावर काय करतात. पहिल्या दोन गोष्टी गिऱ्हाईक सांगतो. तिसरी बघावी लागते.

मी पोचले तेव्हा गाडी फसलेलीच होती. मंगेशनं शिटी मारली. जाळी आवरणारी सगळी माणसं धावत आली आणि मागच्या डाल्यावर, म्हणजे माल ठेवायच्या उघड्या भागात चढली. बाजूचे पाइप धरून सगळे एका तालात उड्या मारायला लागले. बंडूभाऊंनी ॲक्सिलरेटर दाबला. चाक जागेवर गरागरा फिरलं, चिखल उडाला, आणि एकदम पकड मिळून गाडी झटक्यानं बाहेर आली. डाल्यावर हशा पिकला.

"मॅडम, पुढच्या बारीले तुमीबी चढा. वजन कामी येईल!" मंगेश म्हणाला.

"माझं वजन मी वर्कशॉपमध्येच ठेवून येते," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले. पण माझं लक्ष त्या झटक्याकडे होतं.

इथे थोडं समजावून सांगते. इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत पोचवणारा लोखंडी दांडा म्हणजे ॲक्सल. मोठ्या ट्रकमध्ये चाक वेगळ्या आधारावर बसतं आणि ॲक्सल फक्त ते फिरवतो. बंडूभाऊंच्या पिकअपमध्ये एकच दांडा दोन्ही कामं करतो. चाक फिरवतोही, धरूनही ठेवतो. तो तुटला तर गाडी बंद पडते एवढंच नाही, चाकच निघून जातं.

मोठा टायर म्हणजे लांब दांड्याचा पाना. गाडी पुढे काढायला ॲक्सलला जास्त पीळ सोसावा लागतो. त्यात मोठे टायर बॉडीला घासू नयेत म्हणून लोक बाहेर आलेली रिम लावतात. म्हणजे भरलेली बादली छातीशी न धरता हात लांब करून धरायची. बाहेरच्या बेअरिंगवर सगळा भार येतो.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणालाच पटत नाही. लहान गुळगुळीत टायर चिखलात घसरतो, तेच ॲक्सलला वाचवतं. टायर घसरला की पीळ सुटतो. दातेरी मोठा टायर घसरत नाही. मग जे काही व्हायचं ते ॲक्सलचंच होतं. वर माणसं उड्या मारत असतील तर चाक क्षणभर सुटतं आणि क्षणात पकडतं. प्रत्येक पकड म्हणजे घणाचा घाव.

हे सगळं मी बंडूभाऊंना सांगितलं. "एक साइज मोठा चालेल. रिम कंपनीचीच. आणि डाल्यावर कोणी चढायचं नाही."

"माणसं चढली नाही तं गाडी निघते कशी?"

"दोर लावा. ट्रॅक्टरनं ओढा."

"ट्रॅक्टर येईपर्यंत मासोळी वास मारते, मॅडम."

त्यांचंही खोटं नव्हतं. पण त्यांना हवे ते टायर बसवायला मी नकार दिला. शेठनी हातचं गेलेलं बिल मला आकड्यासकट ऐकवलं.

बंडूभाऊंनी हायवेवरच्या एका दुकानातून हवे तसे टायर बसवून घेतले, बाहेर आलेल्या रिमसकट. पुढे ऑइल बदलायला आले तेव्हा खुशीत होते.

"पाहा मॅडम, तुमचा ॲक्सल काई तुटला नाही. आता तं पार पाण्याच्या काठाले गाडी लावून राहिलो."

मी गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक वर-खाली हलवून पाहिलं. डावीकडे खेळ होता, म्हणजे बेअरिंग सैल झालं होतं. "ही रिम आजच काढा," मी म्हटलं.

"एवढा उन्हाळा निघू द्या. मासोळीचे हेच दिवस आहेत."

नवं बेअरिंग टाकून दिलं. रिम तशीच राहिली.

उन्हाळा निघाला नाही. मोठ्या टायरनं गाडी पूर्वी जायची त्याच्याही पुढे जायला लागली होती. त्या सकाळी ती तिथे फसली, जिथे आधी कधी गेलीच नव्हती. मंगेशनं शिटी मारली. माणसं डाल्यावर चढली. तो स्वतः डाव्या कोपऱ्यावर, चाकाच्या वर उभा होता. ॲक्सल बेअरिंगजवळ तुटला, चाक दांड्याच्या तुकड्यासह बाहेर आलं आणि गाडी त्या बाजूला बसली. बाकीचे चिखलात पडले. मंगेश गाडीखाली आला.

गाडी आमच्याकडे ओढून आणली तेव्हा तुटलेला दांडा मी पाहिला. अर्धा भाग काळपट होता, अर्धा चकचकीत. काळपट भाग जुन्या भेगेचा, चकचकीत त्या सकाळचा. बेअरिंग बदलताना भेग दिसत नव्हती की तेव्हा नव्हतीच, ते आता कोणी सांगू शकत नाही. विमा कंपनीच्या माणसानं रिमचा फोटो काढला, "ही कंपनीची नाही," म्हणाला आणि निघून गेला.

मंगेश वाचला. खुब्याचं हाड नागपूरला बसवलं. तो चालतो, काठी घेऊन. डोंग्यात तोल सांभाळून उभं राहणं संपलं.

दोन महिन्यांनी बंडूभाऊ आले. "कंपनीचा ॲक्सल टाका, कंपनीच्याच रिम. जुने टायर घरी होते, आणले."

मी उतरवून घेतले. तीनच होते.

"चौथा?"

"त्याच्यावर मंगेश बसते. खाली बसता येत नाही ना त्याले. जाळे सांधते तिथं बसून."

मी स्टोअरमधून एक वापरलेला टायर काढून दिला. शेठनी पाहिलं आणि बिलात तो धरला नाही.

कंपनीचा ॲक्सल मोठा टायर झेपवतो का, असं आजही लोक विचारतात. गाडीचं वजन तो झेपवतो. मोठा टायर गाडीला चिखलातून काढतो हेही खरं. पण त्याआधी तो तिला आणखी आत नेतो. म्हणून मी टायरची साइज नंतर विचारते. फसल्यावर मागे कोण चढतं, ते आधी.