मामांचा थांबलेला सूर्य

सूर्याची तब्येत रोज सकाळी न चुकता विचारणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मामा तासगावला द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड सांभाळू लागले. बेदाणा सावलीत वाळवतात. म्हणजे मामांचा धंदा ऊन अडवण्याचा आणि छंद ऊन आत घेण्याचा. शेडच्या भिंतीवर त्यांनी पांढरी चादर ताणली आहे आणि तिच्यावर पेन्सिलीने ताटाएवढे वर्तुळ काढले आहे. समोर तिपाईवर जुनी दुर्बीण. सूर्याकडे थेट बघायचे नाही, दुर्बिणीतून त्याची प्रतिमा पाडून त्याला चादरीवरच्या वर्तुळात बसवायचे, हा नियम ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. न येणाऱ्यांना फोन करून सांगतात.

वाईला एका लग्नात पंगत बसली असताना त्यांनी ताटातला लाडू फोडून शेजारच्या व्याह्यांना सूर्याचे थर दाखवले. "ह्यो गाभा. उजेड हितं तयार हुतो. पर लगीच भाईर पडत न्हाई. त्याच्या भवतीचा थर म्हंजे म्हसवडच्या जत्रंतली रथाची गर्दी. ह्याचा धक्का खा, त्याचा धक्का खा, हजारो वर्सं जात्यात."

"आन मग?"

"मग गुऱ्हाळाची काहील. खालचं तापून वर, वरचं निवून खाली. आन फिरायचं म्हणशीला, तर आतला थर पलटणीवानी, सगळे एका पावलानं. वरचा वरातीवानी. मधल्या पट्ट्यातले म्होरं, टोकाचे मागं."

व्याही म्हणाले, "लाडू तुमी खाणार हाय का मी खाऊ?"

या फिरण्याचा पुरावा म्हणजे सूर्यावरचे डाग. मधल्या पट्ट्याजवळचा डाग भरभर सरकतो, वरखालचा रेंगाळतो. मामा रोज डाग बघत आणि सूर्य कामावर हजर असल्याची खात्री करून न्याहारीला बसत.

गेल्या हंगामात त्यांना मोतीबिंदू झाला. सांगलीच्या डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करायला सांगितले. मामा टाळत राहिले. डोळ्याला हात लावला आणि आहे तेही गेले तर डाग कायमचे दिसेनासे होतील, ही त्यांची भीती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मामींनी ती ओळखली आणि मला त्यांच्याकडून कळली.

मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, सवड काढून या. सूर्य थांबलाय."

मी साताऱ्याहून निघालो. बातमी मोठी होती आणि सूत्र घरचे होते. शेडमध्ये मामांनी सूर्य वर्तुळात नेमका बसवून दाखवला. मधोमध एक डाग होता. "चार दिस झालं, जागचा हलंना," मामा हलक्या आवाजात म्हणाले. मी जवळून पाहिले. डाग पिवळसर होता आणि त्याला तेलाची चकाकी होती. द्राक्षे वाळत घालण्याआधी तेलकट द्रावणात बुडवतात. त्याचा शिंतोडा चादरीवर उडाला होता. हे सांगावे कसे, या विचारात मी उभा राहिलो.

मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवले आणि एका बोटाने दुर्बीण ढकलली. सूर्य वर्तुळाबाहेर गेला. डाग तिथेच राहिला.

मामांनी चाचपडत चादरीवर बोट फिरवले, मग ते नाकाजवळ नेले.

"तुला कवा कळलं?"

"पयल्याच दिशी."

"मग गप का बसलीस?"

"तुमी तिकडं दवाखाना थांबवला, हितं सूर्य थांबवला. म्हटलं, बगू आदी कोन हलतंय."

मामांनी चहा संपवला. "उद्या सांगलीला सकाळची गाडी घावंल का?" त्यांनी मला विचारले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. पण मोतीबिंदूच्या मागे डोळ्याचा पडदाही झिजलेला निघाला. सूर्य बघून नव्हे, वयाने, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आता मामांना रस्ता दिसतो, बागेचा बांध दिसतो, माणसे ओळखू येतात. बारीक ठिपके दिसत नाहीत.

तरीही मामा रोज सकाळी हाताच्या सवयीने दुर्बीण लावतात. ज्या मामींनी जन्मभर या छंदाला नावे ठेवली, त्या आता चादरीशेजारी पाटावर बसतात.

मागच्या आठवड्यात मी त्या दोघांच्या मागे उभा होतो. सूर्य वर्तुळात आला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तो अगदी स्वच्छ होता. शोधूनही एक ठिपका सापडला नसता.

"हाय का गं?" मामांनी विचारले.

"हाय. वरच्या अंगाला, बारका."

"कालच्यापरीस सरकला?"

मामींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"सरकला की वाईच," त्या म्हणाल्या.

"मग फिरतोय," मामा म्हणाले, आणि न्याहारीला चालू लागले.