पहिली प्रत

आमच्या गावातल्या छोट्याशा प्रकाशनगृहाची एक रीत आहे. संग्रह छापून झाला की कवीने यायचं, बांधणीच्या टेबलाशी उभं राहून त्यातली एक कविता वाचायची आणि मगच पहिली प्रत घरी न्यायची.

कपाटावर खाकी कागदात गुंडाळलेली एक प्रत मात्र वर्षभर पडून होती. तिचा कवी पुस्तक हातात येण्याआधीच गेला.

काल मी तिथे असतानाच त्याची बायको आली. म्हणाली, "रीत आहे ना? मी म्हणते."

तिने पुस्तक उघडलंच नाही. ते छातीशी धरून चार ओळी म्हटल्या. शिलाई करणाऱ्या सुमनताईंची सुई हातातच थांबली.

प्रकाशक हळूच म्हणाले, "वहिनी, ही कविता संग्रहात नाही."

"नसणारच. ती त्यांनी कधी लिहिली नाही. मला नुसती म्हणून दाखवायचे."

प्रकाशकांनी पेन उघडलं, तशी ती म्हणाली, "नको दादा. तेवढी राहू दे माझ्याकडे."

माझ्या घरी कपाटभर कवितासंग्रह आहेत. आज त्यांच्यासमोर उभी राहिले आणि वाटलं, कुणीतरी न छापलेली एक ओळ माझ्याकडेही ठेवून जायला हवं होतं.