ट्रकपर्यंतचं वर्तुळ

मी पत्रकं लिहायची, कामगारांच्या सभेत उभी राहून वाटायची, आणि पोटासाठी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात हिशेब सांभाळायला मदत करायची. हिशेबाची केबिन म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि ताई. ताई आमच्या अकाउंटंट. जुन्या इंदुरी मराठी घरातल्या, बोलता बोलता हिंदीत शिरणाऱ्या. चिडल्या की मात्र स्वच्छ मराठीत परत यायच्या. त्या मराठीला आमचे मालक, सेठजीही घाबरायचे.

हजेरीचं ॲप आलं तेव्हा मी पेटले. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ॲप, नकाशावर कारखान्याभोवती एक वर्तुळ. आत आलात की वेळ सुरू, बाहेर पडलात की बंद. महिनाअखेर ते तास थेट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून पगारात. फोन आमचा, रिचार्ज आमचा आणि पहारा मालकाचा! त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं: ‘खिशातला पहारेकरी हटवा!!!’

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. “उद्गारचिन्हं कमी कर. आणि सांग, आधीचं रजिस्टर काय फार बरं होतं?”

बरं नव्हतंच. रजिस्टर सुपरवायझरच्या हातात असायचं. जरा उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, आणि त्याला पान आणून देणाऱ्याची हजेरी पूर्ण. म्हणून तर ॲप आणि पगार यांच्या मध्ये कुणाचाही हात नको, सेठजींचासुद्धा नको, असं ताईंनी अडून बसून करून घेतलं होतं. तास बदलायचेच झाले तर कुणी बदलले आणि का बदलले, ते तिथेच लिहावं लागायचं. रिचार्जचे पैसेही त्यांनी कंपनीच्या खर्चात टाकायला लावले. “मशीनला कुणी भिया नसतो गं, कुणी लाडका भाऊ नसतो,” त्या म्हणाल्या. मी पत्रक ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडलं नाही.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला. सगळ्यात कमी तास भरलेलं माणूस वर, लाल अक्षरांत. वर होत्या जीजी.

जीजी म्हणजे ट्रकमध्ये माल भरताना गठ्ठे मोजणाऱ्या बाई. सेठजींच्या वडिलांच्या वेळेपासून इथे. सेठजींना त्यांनी चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्याशी एकेरीत बोलायच्या.

सेठजी केबिनमध्ये आले. “ये जीजी तो आधा-आधा दिन गायब रहती है! इनका हिसाब करके छुट्टी करो.”

जीजी दारातच उभ्या होत्या. “गायब? तो तेरे गट्ठे कौन गिनता है, सेठ? तेरे मामाजी?”

आवाज चढा होता, पण हात पदराशी चाळा करत होते. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार होतं?

मी ड्रॉवर उघडला. ताईंनी तो तसाच बंद केला. “बस खाली.”

काय झालं होतं, ते आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं. आमच्या गल्लीत ट्रक वळत नाही. तो कोपऱ्यावर, चहाच्या टपरीजवळ उभा राहतो, आणि जीजी दिवसभर त्याच्या मागे उभ्या. वर्तुळ मात्र गेटपाशी संपत होतं. ॲप बसवणाऱ्याने केबिनमध्ये बसून ते आखलं, तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. कुणी बोललं नाही, कारण आमच्या लेखी तो कोपरा म्हणजे कारखानाच!

ताईंनी हे सेठजींना सांगितलं. सेठजींनी हात झटकला. “कहानी मत सुनाओ ताईजी. ॲप झूठ थोड़ी बोलता है.”

“बरं,” ताई म्हणाल्या, आणि मराठीत परतल्या. “मग नियम सगळ्यांना. कंपनीतून पगार तुम्हीही घेता. तुमच्याही फोनमध्ये टाकते. आठवडाभर बघू, तोवर जीजी राहतील.”

सेठजी खूश. “डालो, डालो. मैं तो सबसे पहले आता हूँ!”

खोटं नव्हतं ते. सगळ्यांच्या आधी यायचे, चहाचा ग्लास घेऊन दिवसभर ट्रकपाशीच उभे राहायचे आणि जेवायला घरी जायचे. हमालांवर ओरडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

आठवडा सरला. ताईंनी जीजींना बोलावलं, सेठजींना बोलावलं आणि स्क्रीन फिरवली. लाल अक्षरांत सगळ्यात वर सेठजी. जीजी त्यांच्या खाली.

“नियमाप्रमाणे आधी तुमचा हिशेब करते,” ताई म्हणाल्या. “जीजींचा नंतर.”

मी ओढणी तोंडात कोंबली.

“अरे, मैं तो ट्रक पे खड़ा था!”

“हो ना. कुणाशेजारी?”

उत्तर जीजींनीच दिलं. “मेरे बगल में, और कहाँ! गिनती अलग बिगाड़ रहा था.”

सेठजींनी मान खाजवली, स्क्रीनकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, “ठीक है ताईजी. जो करना है करो.”

ताईंनी बोटाने वर्तुळ ओढून कोपऱ्यापर्यंत नेलं, टपरीसकट. मग जीजींचे आणि हमालांचे मागचे तास दुरुस्त केले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ट्रक गल्लीत वळत नाही. खाली स्वतःचं नाव. पुढे कुणी विचारलंच तर ताईंनाच विचारणार होतं, हे त्यांना माहीत होतं.

माझं पत्रक वाटलं असतं तर गेटवर घोषणा झाल्या असत्या, आणि जीजी घरी बसल्या असत्या. खिशातला पहारेकरी मला आजही खटकतो. पण वर्तुळ आखताना कामगाराला विचारा, ही मागणी मी आता प्रत्येक पत्रकात घालते. ताई वाचून देतात, आणि उद्गारचिन्हं खोडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर होते. ट्रक लागला होता. जीजींनी कमरेचा फोन काढून पाहिला आणि परत खोचला. तेवढ्यात सेठजी चहा घेऊन आले.

“आ जा, सेठ,” जीजी म्हणाल्या. “आज इधर तेरी भी हाजिरी लग रही है. बस, गिनती में मत बोलना.”