दोन रनरची टोपी

गळ्यात मोजपट्टी नाही असं तिला कुणी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून गल्लीने तिचं नाव टेपताई ठेवलं. भाजी आणायला जाताना ती पट्टी गळ्यात, बँकेच्या रांगेत गळ्यात, आणि एकदा तर पुतणीच्या लग्नातल्या फोटोतही ती पिवळी पट्टी छान झळकली होती. का काढत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायची, काढून ठेवली की सापडत नाही.

चोवीस वर्षं तिने टोप्यांच्या कारखान्यात शिलाई केली होती. शाळेच्या, बँडवाल्यांच्या, रखवालदारांच्या टोप्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलंच एक जुनं मशीन तिने घरी आणलं, रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लावून ठेवलं आणि येईल ते काम घेऊ लागली. पँटची चेन बदल, पडदे शिव, प्रवासाच्या बॅगेचा तुटका पट्टा लाव. टोप्या मात्र सुटल्या त्या सुटल्याच. टोपी फाटली की लोक नवी घेतात, शिवून घ्यायला कोण येतं.

तिची धाकटी बहीण टपाल खात्यात होती. सायकलला दोन्ही बाजूंनी थैल्या आणि खांद्यावर एक झोळी, अशी एकोणीस वर्षं ती एकाच भागात पत्रं वाटत होती. त्या वर्षी तिच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवर मुगाएवढा खरखरीत डाग उठला. खपली धरायची, पडायची, परत धरायची. धाकटी केसांनी तो झाकायची आणि विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायची. शेवटी टेपताईने दंडाला धरून तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डाग काढला आणि तपासायला पाठवला. आठवडाभर दोघी बहिणी एकमेकींशी फक्त हवापाण्याचं बोलल्या. मग कळलं ते असं, की डाग चांगला नव्हता, पण वेळेत हाती लागला होता. डॉक्टरीणबाईंनी कामाची चौकशी केली, आणि निघताना दोन गोष्टी बजावल्या: दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं, आणि कान, गाल, मान उन्हात उघडी टाकायची नाही.

खात्याच्या टोपीला फक्त पुढे चोचीसारखी कड होती. कपाळ झाकायची, कान होते तसेच उघडे. मग भावजींनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, बाजारातून चांगली गोल, रुंद कडेची टोपी आणून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी टेपताईने खिडकीतून पाहिलं तर धाकटी सायकलवरून चाललेली, ती टोपी हँडलला लटकलेली आणि कानाला पांढरी पट्टी. संध्याकाळी टेपताई तणतणत तिच्या घरी गेली. जीव नकोसा झालाय का, इथपासून सुरुवात केली. धाकटीने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ती टोपी घालून बसायला छान आहे," ती म्हणाली. "मला फिरायचं असतं."

एवढंच. पण ते टेपताईच्या डोक्यात घर करून बसलं. एखादा कपडा अंगाला होत नसेल तर दोष अंगाचा नसतो, हे तिला चोवीस वर्षांत पक्कं कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर कापड झाकलं, नवऱ्याची सायकल काढली आणि धाकटीच्या डोक्यावर ती गोल टोपी चढवून, वही-पेन्सिल घेऊन तिच्या मागोमाग निघाली.

नऊ वाजता निघून दोन वाजता परत येईपर्यंत तिला जे दिसलं, ते एकोणीस वर्षांत धाकटीने कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं. जाताना तो लांबच लांब सरळ रस्ता, आणि ऊन डावीकडून. दुपारी त्याच रस्त्याने उलटं यायचं, तोवर सूर्यही पलीकडे गेलेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. उजवा कान सुखरूप का आणि डावाच का करपला, ते टेपताईला तिथे रस्त्यावर उमगलं. मधल्या भागात इमारती. जिने अंधारे, दारांवरचे आकडे उंचावर, आणि रुंद कड नेमकी त्यांच्या आड. कड वर सारली की ती मागे झोळीच्या पट्ट्याला अडायची. पुलावर वारा कडेखाली शिरून टोपी उचलायचा. आणि या सगळ्यात धाकटीच्या एका हातात कायम पत्रांचा गठ्ठा. चार-पाच तासांत तिचा हात त्रेसष्ट वेळा टोपीकडे गेला. टेपताईने मोजलं होतं.

घरी येऊन तिने वहीत लिहिलं: तिला मोठी टोपी हवी आहे आणि छोटीही. एका हाताने बदलता आली पाहिजे. सायकल न थांबवता.

मग सुरू झालं टोप्यांचं प्रकरण. पहिल्या टोपीची कड वर दुमडून टिचबटणांनी बसत होती. बटण दाबायचं तर डोक्यावरच दाबावं लागे, आणि काढायचं तर कडेऐवजी सगळी टोपीच हातात येई. दुसरीत तिने फाइलच्या कव्हराचं प्लास्टिक सरकती कड म्हणून बसवलं. ते उन्हात असं वाकलं की धाकटीच्या कानाशी पन्हाळ तयार झाली. या सगळ्या टोप्यांना आधी नवऱ्याचं डोकं लागायचं, कारण त्याच्या आणि धाकटीच्या डोक्याचा घेर तंतोतंत एक निघाला होता. निवृत्त माणूस, सकाळी पेपर वाचत बसलेला असायचा. डोक्यावर टोपी येई, जाई, परत येई. पान उलटायला काय ती थोडी हालचाल करायचा. एकदा पाहुणे आले तेव्हा तो टोपी घालून, त्यात चार टाचण्यांसह बसला होता, आणि विचारल्यावर म्हणाला, सध्या मी नोकरीत आहे.

वाट सापडली ती एका बॅगेत. शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाईंनी प्रवासाची बॅग दुरुस्तीला दिली होती. त्या बॅगेच्या पोटाभोवती एक जादा चेन होती. ती उघडली की आत दुमडलेलं कापड बाहेर येऊन बॅग चार बोटं फुगायची, मिटली की पूर्ववत. टेपताईने ती चेन उघडली, मिटली, उघडली. दुपारचं जेवण निवत राहिलं. नवऱ्याने ताट झाकून ठेवलं आणि तो आपणहून येऊन खुर्चीत बसला.

सगळीकडून दोन बोटं कड, त्या कडेत घडी घालून लपवलेली आणखी चार बोटं, आणि घडीवरून गोल फिरणारी चेन. चेनला बॅगेसारखे दोन रनर, म्हणजे आपण जे धरून चेन ओढतो ते. दोन्ही कपाळाशी एकत्र असले की टोपी मिटलेली. डावा रनर कानामागे नेला की कपाळापासून कानापर्यंत सावली. उजवा नेला की उजवीकडे. दोन्ही मानेपर्यंत नेले की छत्रीच. ओढताना टोपी डोक्यावर फिरायची, म्हणून मागे रुंद इलॅस्टिक आलं.

कागदावर सगळं जमलं होतं. डोक्यावर मात्र एकेक गोष्ट आडवी यायला लागली. चेन पितळी होती. दुपारी दोनला धाकटी आली ती बोट चोखत, रनर तापून चटका बसला होता. नायलॉनची चेन लावली, तर ती मिटताना घडीचं कापड खायची. आतून अरुंद पट्टी शिवून ते थांबवलं. पण उघडलेली कड डोळ्यांवर लोंबायची, भिजल्या पानासारखी. आत कॉलरमध्ये घालतात तसलं कडक बक्रम घातलं तेव्हा आठ दिवस झकास गेले. मग घाम आणि एक धुणं, आणि बक्रमचे गोळे झाले.

इथे टेपताई खरोखर अडली. महिनाभर तिने टोपीला हात लावला नाही. धाकटीनेही विचारलं नाही. डोक्याला ओढणी गुंडाळून ती कामावर जात होती, घामाघूम होत होती, आणि काय चाललंय विचारलं तर चाललंय म्हणत होती. ते पाहून शेवटी टेपताई ती लोंबणारी टोपी पिशवीत घालून कारखान्यातल्या कटिंगमास्तरांकडे गेली.

मास्तर ऐंशीच्या पुढचे. हात थरथरत होते, नजर अजून कात्रीसारखी. चोवीस वर्षांत त्यांनी तिच्या कामाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. फार तर ठीक. त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली, चेन दोनदा फिरवली. कल्पना कुणाची, हे विचारलं नाही. कडेवर नख फिरवून म्हणाले, "शिलाईच्या ओळी किती?"

"दोन," टेपताई म्हणाली.

"म्हणून लोंबतेय. ताठपणा आतल्या अस्तराचा नसतो गं, टाक्यांचा असतो. जवळजवळ ओळी घाल. घडीच्या जागी मात्र बोटभर मोकळं सोड, नाहीतर मिटणार नाही."

आपल्याला हे माहीत असून सुचलं नाही, याची टेपताईला परतीच्या वाटेवर लाज वाटली. बँडवाल्यांच्या टोप्या तिने अशाच शिवल्या होत्या. नुसत्या दोन पदरी जाड सुती कापडावर तिने एकमेकींना खेटून बावीस ओळी घातल्या. कड वाजवली की पुठ्ठ्यासारखी वाजत होती, आणि धुतली तरी वाजत होती. ही चौदावी टोपी.

ती दिल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट. टेपताई खिडकीत पडदा शिवत होती. समोरून धाकटी सायकलवर आली. वळणावर झाडांची सावली संपून ऊन सुरू होतं. तिथे तिने डावा हात वर नेला, एकदाच, आणि कड कपाळापासून कानामागेपर्यंत उलगडत गेली. सायकल थांबली नाही. ती आपल्याच नादात पुढे बघत होती. आपण काही केलं हेसुद्धा तिला कळलं नसावं. टेपताईच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि पडद्याची शिवण वीतभर वाकडी गेली.

कचेरीत मात्र बाकीच्या मंडळींनी टोपीचं नाव 'उघडमीट' ठेवलं, आणि हसत हसत ही बातमी वर साहेबांपर्यंत पोचली. साहेब नवे होते, नियमाने चालणारे. गणवेशात खात्याचीच टोपी हवी असं त्यांनी धाकटीला सांगितलं. एकोणीस वर्षांत एकही ताकीद न घेतलेली बाई, तिने निमूटपणे टोपी थैलीत ठेवली. टेपताईला हे भावजींकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती साहेबांसमोर उभी राहिली. भांडायला आलेली नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंचा कागद, आपली वही आणि धाकटीची टोपी टेबलावर ठेवली. साहेबांनी कागद वाचला, वही चाळली. त्रेसष्टच्या आकड्यावर ते थोडे थांबले, पण नियम तो नियम असं म्हणाले, आणि ते सौजन्यानेच म्हणाले.

"साहेब, नियम बदला असं मी म्हणत नाही," टेपताई म्हणाली. "ही घाला आणि मागच्या अंगणात दहा मिनिटं उभे राहा. मग मी जाते."

साहेब अवघडले. पण दारात तीन-चार जण येऊन थांबले होते, तेव्हा ते टोपी घेऊन उठले. अंगणात टपालाच्या गोण्या उतरत होत्या. साहेब टोपी घालून भर उन्हात उभे राहिले. आधी नुसतेच. मग त्यांनी डावा रनर ओढून पाहिला. मग उन्हाकडे पाठ करून दोन्ही मागे नेले. वरच्या मजल्यावरून कुणी हाक मारली तेव्हा त्यांनी न सांगताच कड मिटून वर पाहिलं. दहाची वीस मिनिटं झाली. परत आले ते टोपी हातात फिरवत.

"खात्याच्या करड्या रंगात होईल का?" त्यांनी विचारलं.

आधी धाकटीला एकटीला परवानगी मिळाली. पंधरवड्यात दुसरे नऊ जण टेपताईच्या दारात आले, त्यात नाव ठेवणारे दोघे पहिल्या रांगेत. वर्षभरात त्या कचेरीतल्या एकतीसच्या एकतीस डोक्यांची मापं तिच्या वहीत होती. कारखान्यातल्या दोन जुन्या मैत्रिणींना तिने हाताशी घेतलं. कागदी नमुना कुणी मागितला तर ती देऊन टाकायची. रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्या एका बाईला दिवसभर वाकून काम करावं लागे, तिच्यासाठी टेपताईने मागची कड सहा बोटं केली. फुगे विकणाऱ्या म्हाताऱ्याला वर बघावं लागे, म्हणून त्याची पुढची अगदी आखूड. प्रत्येकाबरोबर ती आधी अर्धा दिवस हिंडायची.

धाकटीच्या कानाच्या सहामाही तपासण्या पाच झाल्या. पाचही स्वच्छ. तिने ताईला आभाराचा एक शब्द कधी म्हटला नाही, आणि टेपताईनेही त्याची वाट पाहिली नाही. पण नव्याने रुजू झालेल्या एका मुलीला पहिल्याच दिवशी धाकटी सांगत होती म्हणे, की टोपी नीट वापर, ती माझ्या बहिणीने माझ्यासाठी अख्खा रस्ता फिरून शिवलेली आहे.

पुढे खात्याने गणवेशाच्या नियमात एका ओळीची भर घातली. धाकटीने ते छापील पत्रक आणून दिलं. टेपताईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'चेनद्वारे कड कमी-जास्त करता येणारी टोपी.' तिने लगेच कागद घेतला आणि वरच्या कचेरीला पत्र लिहिलं, की चेन लिहिलीत ते बरोबर, पण रनर दोन असल्याचा उल्लेख राहिला आहे, आणि एका रनरची टोपी कुणी शिवली तर तिचा उपयोग नाही, तरी कृपया दुरुस्ती करावी. खाली सही, पत्ता, आणि सोबत बोटभर रुंदीचा, बावीस ओळींचा कापडी तुकडा टाचून.

पत्र तिने धाकटीच्याच थैलीत टाकलं आणि पोच आणायला बजावलं.