मावशीचं हसू

माझी मावशी हसायचं काम करायची. चेष्टा नाही, खरंच. शर्टांच्या कारखान्यात काज-बटणं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मग कारखाना बंद पडला आणि शेजारीण तिला टीव्हीच्या स्टुडिओत घेऊन गेली. तिथल्या कार्यक्रमांना प्रेक्षक लागायचे. खुर्चीत बसायचं, सांगितलं की टाळ्या वाजवायच्या, सांगितलं की हसायचं.

मावशीचं हसू आधी घशातल्या घशात खुदखुदायचं आणि मग असं फुटायचं, की शेजारच्या बायका आपोआप त्यात ओढल्या जायच्या. लवकरच ती पहिल्या रांगेत बसू लागली. प्रेक्षक गोळा करणारा मुकादम तिला 'हुकमी एक्का' म्हणायचा.

"तिकडे खिदळून येतेस आणि घरात तोंड एरंडेल प्यायल्यासारखं," काका कुरकुरायचे.

"घरात कोणी हसवतच नाही," मावशी म्हणायची.

एकदा गप्पांच्या कार्यक्रमात एक पॉप गायिका आली. पन्नाशीला टेकलेली. तिच्या कॅसेटी एकेकाळी कारखान्यात शिलाई मशीनच्या खडखडाटावर मात करत वाजायच्या. आता नवा अल्बम आला होता, त्याबद्दल ती बोलणार होती. निवेदकाने अल्बमचं नावसुद्धा घेतलं नाही.

"या वयात तोकड्या कपड्यांत नाचता, गुडघे तक्रार करत नाहीत?"

फ्लोअर मॅनेजरने हात वर केला. ही हसायची खूण. मावशी सवयीने हसली.

"दोन नवरे झाले. तिसऱ्याची निवड चाचणी कधी? आमचा कॅमेरामन रिकामाच आहे!"

पुन्हा हात वर. मावशीचं लक्ष गायिकेच्या हातांकडे गेलं. चेहरा हसरा होता, पण बोटं कपड्याचा काठ चुरगाळत होती. मावशी हसली नाही. तिच्यामागून हसणाऱ्या बायकाही गप्प बसल्या.

"परत घेऊ," निवेदक म्हणाला. तोच विनोद, तीच शांतता.

फ्लोअर मॅनेजर धावत आला. "मावशी, बॅटरी उतरली का?"

"विनोद आला की हसते."

हे गायिकेने ऐकलं आणि ती इतकी खळखळून हसली, की निवेदकालाच घाम पुसावा लागला.

पुढच्या आठवड्यात कार्यक्रम लागला. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. कॅमेरामनचा विनोद झाला आणि हशा उसळला. आधी खुदखुद, मग स्फोट.

"अगं, हे तर तुझंच हसू!" काका उडालेच.

जुन्या रेकॉर्डिंगमधलं हसू उचलून तिथे चिकटवलं होतं. मावशीने टीव्ही बंद केला. "माझ्या तोंडाने हे लोक हसले तिला."

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायकांना घेऊन ती निर्मात्याच्या खोलीत शिरली. "माझं हसू काढा तिथून."

"रेकॉर्ड झालेलं सगळं चॅनेलचं असतं. तुम्ही सही केली आहे."

"हसायची सही केली. कोणाला हसायचं ते लिहून दिलेलं नाही."

"तुमच्यावाचून आमचं अडणार आहे का?"

"नाही ना अडत? मग आम्ही येत नाही." आणि सगळ्या जणी बाहेर पडल्या.

कार्यक्रम काही बंद पडला नाही. नवे प्रेक्षक आले, मावशीचं हसू अजूनही मधूनमधून तिथे वाजतं आणि दर वेळी ती चॅनेलला फोन करून त्यांना फैलावर घेते. मात्र मुकादमाला दुसऱ्या कार्यक्रमांसाठी ती हवीच होती. त्याचा फोन आला की मावशी विचारायची, "पाहुणी कोण? तिला काय काय विचारणार?"

"तुम्ही हसायला येता की परीक्षा घ्यायला?" तो वैतागायचा.

"दोन्हीला."

दोन-तीनदा तिने साफ नकार दिला. बाकीच्या बायकाही हलल्या नाहीत. रिकाम्या खुर्च्या बघून मुकादम शहाणा झाला. परवा त्याने आपणहून सांगितलं, "एक ढोलकीवाली आहे. फक्त तिच्या वादनावर बोलणार आहेत. मी आधीच विचारून घेतलंय."

मावशीने पायात चपला सरकवल्या आणि शेजारणीचं दार वाजवलं. "चल गं, आज जाण्यासारखं आहे."